ताटाची डावी बाजू आणि लाल वाइन: घरच्या शाकाहारी जेवणासोबत चव कशी घ्यावी

भरल्या वांग्याबरोबर लाल वाइन घेतली आणि तोंड कडूजार झालं, असा अनुभव आला की दोष मसाल्यावर जातो. "आपल्या मसालेदार जेवणाला वाइन चालत नाही" हे वाक्य पुण्यात वर्षानुवर्षं फिरतं आहे, आणि ते चुकीचं आहे. गोडा मसाला लाल वाइनला मुळीच वावडा नाही. वाइन बिघडवतात त्या दोन गोष्टी: मिरचीचं तिखट आणि गूळ. या दोन्हींवरचा उपाय ताटातच असतो. मीठ, लिंबाची फोड, दाण्याची चटणी आणि वाटीतलं तूप यांच्या जोरावर सातशे रुपयांची बाटली जेवणाशी जुळवून घेता येते. ती कशी, ते पुढे क्रमानं सांगितलं आहे.

तुरटपणा समजून घ्या

लाल वाइनमधलं टॅनिन म्हणजे काय, हे समजायला आपल्याला नवा शब्द शिकावा लागत नाही. षड्रसांतला तुरट तो हाच. कोरा चहा जास्त उकळला की जिभेवर आणि हिरड्यांवर जी कोरड जाणवते, जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड जसं आक्रसतं, तेच लाल वाइनमध्ये होतं. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. चहात दूध घातलं की तो सौम्य लागतो, कारण टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळतात. वाइनलाही जेवणातून असंच काहीतरी हवं असतं. मांसाहारी ताटात ते काम मांस करतं. आपल्याकडे ते दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, बेसन, पनीर, लोणी आणि तूप करतात. म्हणून नुसत्या फुलक्याबरोबर कडक वाटलेली वाइन लोणी लावलेल्या थालीपिठाबरोबर एकदम मऊ लागते.

बाटली निवडताना

परवडणारी म्हणजे इथे ७५० मिलीची, साधारण ५०० ते १,००० रुपयांची बाटली धरली आहे. या किमतीत महाराष्ट्रातल्या वाइन घेणं शहाणपणाचं. नाशिकच्या सुला या वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्यानंतर यॉर्कसारख्या वाइनरी तिथे उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली या वाइनरीचे मळे आहेत, आणि सांजोव्हेजे ही इटलीची द्राक्षजात त्यांनी इथे चांगली रुजवली. पुणेकरांना हे सगळं काही तासांच्याच अंतरावर आहे. परदेशी बाटली याच किमतीत मिळाली, तरी तिच्या दरात आयात कर आणि वाहतूक यांचाच वाटा मोठा असतो.

पहिल्या वेळी दोन बाटल्या घ्या: एक हलकी, म्हणजे तोंडात अंगानं पातळ वाटणारी, आणि एक भारी, म्हणजे दाट वाटणारी. हलकीसाठी सांजोव्हेजे, मर्लो किंवा झिनफँडेल या द्राक्षजातींची. भारीसाठी शिराझ, नाहीतर शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण. गोव्याकडची 'पोर्ट' नावानं विकली जाणारी गोड लाल वाइन यासाठी घेऊ नका. तिचा वेगळा चाहतावर्ग आहे, पण आमटी-भाजीबरोबर चव तपासायला ती उपयोगाची नाही.

लेबलवर द्राक्षाच्या तोडणीचं वर्ष असतं. युरोपात तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे त्याच सुमारास गोडी छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च या काळात तोडतात. म्हणजे २०२४ लिहिलेली इथली बाटली त्या वर्षाच्या सुरुवातीच्या द्राक्षांची असते. या किमतीतल्या लाल वाइन ठेवून मुरवायच्या नसतातच. तोडणीपासून दोन-तीन वर्षांत संपवाव्यात. चार-पाच वर्षांची बाटली सवलतीत दिसली तर मोह आवरा.

दुकानात दोन गोष्टी पाहा. शोकेसमध्ये उन्हाच्या किंवा दिव्याच्या झोतात उभी असलेली बाटली नको, मागच्या खोक्यातली मागा. फिरकीचं झाकण असलेली बाटली बुचाच्या बाटलीपेक्षा कमी प्रतीची मानू नका. रोजच्या वाइनला ते झाकण उत्तम, कारण बुचाच्या दोषाची, म्हणजे बुचामुळे वाइनला येणाऱ्या कुबट वासाची, भीतीच राहत नाही. बुचाचीच घेतली, तर बूच काठाच्या वर आलेलं नाही आणि कडेनं ओघळ नाही, हे पाहून घ्या. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये गोदामात किंवा गाडीच्या डिकीत बाटली तापली की आतला द्रव फुगून बूच ढकलतो. अशी वाइन शिजवलेल्या जॅमसारखी लागते.

कट्टर शाकाहारी घरांसाठी एक महत्त्वाची बाब. वाइन नितळ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरतात, तर काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. लेबलवर हिरवा ठिपका असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर वाइनरीला विचारून घ्या, त्यात संकोच नको.

घरी आणल्यावर बाटली फ्रिजच्या डोक्यावर किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, तोही आतल्या भिंतीकडचा, बरा.

थंड किती, कशी

'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. पुण्यातल्या ३० अंशांच्या खोलीत वाइन प्यायली तर आधी अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दबतो आणि चव ढिली लागते. भारी वाइन १६ ते १८ अंश आणि हलकी १३ ते १५ अंश सेल्सिअसला हवी.

थर्मामीटर नसला तरी चालेल. उन्हाळ्यात बाटली सव्वा ते दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास पुरतो. हलकी वाइन थोडी जास्त वेळ ठेवा. घाई असेल तर पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर बाटलीला तो जागोजागीच टेकतो, म्हणून पाणी हवंच. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटू शकते. ग्लासात बर्फ टाकू नका, वाइन पातळ होते. अंदाज सोपा आहे: बाटली हाताला माठातल्या पाण्याइतकी गार लागली की ठीक. फ्रिजच्या पाण्यासारखी बोचली, तर दहा मिनिटं बाहेर ठेवा. जास्त गार लाल वाइनचा तुरटपणा वाढतो.

स्वयंपाकघराचा वास

ही पायरी बहुतेक जण गाळतात. हिंग-मोहरीची फोडणी घरभर पसरलेली असताना वाइनचा वास कळणं शक्य नाही. नाक त्या वासाला सरावतं आणि बारीक गंध निसटतात. त्यामुळे स्वयंपाक चव घेण्याच्या तासभर आधी उरका, खिडक्या उघडा, पदार्थ नंतर नुसते गरम करा. देवाजवळची उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर यांनाही तेवढा वेळ दूर ठेवा. चहा-कॉफी अर्धा तास आधी बंद.

ग्लास काचेचा, पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असा हवा. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत साधे देठाचे ग्लास मिळतात, तेवढे पुरे. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही आणि वासही कोंडत नाही. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास ग्लासात राहतो, म्हणून गरम पाण्यानं दोनदा विसळून उपडे न ठेवता सुती फडक्यानं पुसा. उपडा ग्लास कपाटाचा वास धरतो.

चौघांसाठी हिशेब असा: प्रत्येकी प्रत्येक वाइनची १०० मिली, म्हणजे दोन्ही मिळून ८०० मिली. दोन बाटल्यांतली जवळपास निम्मी उरते, आणि तेच बरं. चव घेण्यासाठी एका वेळी ग्लासात ३०-४० मिलीच ओता, म्हणजे ग्लास फिरवायला जागा राहते. १३ टक्के अल्कोहोलच्या २०० मिली वाइनमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ते काही कमी नाही. घोटागणिक पाणी प्या, पाहुण्यांच्या परतीसाठी रिक्षा सांगून ठेवा. गरोदरपण असेल किंवा औषधं चालू असतील, तर घेऊच नये.

जेवणाआधी पाच वाट्यांची परीक्षा

सगळ्या लेखातली हीच पायरी सर्वांत मोलाची. ती पंधरा मिनिटं घेते आणि पुढच्या प्रत्येक जेवणाला उपयोगी पडते.

आधी वाइन नुसती चाखा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट कडा म्हणजे तरुण वाइन, विटकरी कडा म्हणजे वय झालेली. ग्लास दोन-तीनदा फिरवून नाक आत घाला. वासाला नावं आपलीच द्या. पुस्तकी 'ब्लॅकबेरी' आपण फारशी खाल्लेली नसते, पण जांभूळ, करवंद, तुती, मनुका, खजूर, आमसूल, मिरी, तमालपत्र, पहिल्या पावसाची माती हे सगळं नाकाला पाठ आहे. मग लहान घोट घेऊन चार-पाच सेकंद तोंडात फिरवा. आंबटपणा जिभेच्या कडांना लाळ सुटण्यावरून कळतो, तुरटपणा हिरड्यांवरून, अल्कोहोल घशातल्या उबेवरून.

आता पाच वाट्या मांडा: मीठ, लिंबाची फोड, भाकरीच्या तुकड्यावर अर्धा चमचा तूप, हरभऱ्याएवढा गुळाचा खडा आणि अर्धी हिरवी मिरची. क्रम हाच ठेवा, मिरची शेवटीच. प्रत्येक वेळी आधी वाटीतला पदार्थ चाटा, गिळा, आणि लगेच चमचाभर वाइन घ्या. मध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा आणि पाणी.

चिमूटभर मिठानंतर वाइन गोलसर लागेल, कडवटपणा मागे जाईल, फळ पुढे येईल. लिंबानंतर तिचा आंबटपणा उतरल्यासारखा वाटेल. तुपानंतर तुरटपणा मऊ होईल. गुळानंतर मात्र तीच वाइन आंबट, कडू आणि रोडावलेली लागेल; जीभ गोडाला सरावली की वाइनमधलं फळ तिला सापडत नाही. मिरचीनंतर अल्कोहोल आग वाढवेल आणि तुरटपणा सुईसारखा टोचेल. इतका फरक एकाच बाटलीत होतो. हे एकदा जिभेनं अनुभवलं की कुठल्या पदार्थाला काय लागेल हे कुणाला विचारावं लागत नाही.

पदार्थांकडे

भरली वांगी आणि शिराझ ही जोडी सगळ्यात खात्रीची. शिराझमध्ये मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन या घटकामुळे, आणि काळ्या मिरीतही तोच घटक असतो. थंड हवेतल्या द्राक्षांत तो जास्त, आपल्याकडच्यांत कमी, म्हणून ती उणीव ताटानं भरून काढायची. ओक झाडाच्या लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो, कारण लाकडातून युजेनॉल उतरतं आणि लवंगेचा मुख्य गंधही युजेनॉलचाच. गोड्या मसाल्यात लवंग, दालचिनी, दगडफूल, खोबरं, तीळ सगळं असतं. वाइन आणि मसाला इथे एकमेकांना ओळखतात.

मंडईतली लहान, काटेरी देठाची पाव किलो वांगी घ्या. सारणाला अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे भाजलेलं सुकं खोबरं, एक मोठा चमचा तीळ, दीड लहान चमचा गोडा मसाला, पाव चमचा भरडलेली मिरी. लाल तिखट अर्धा लहान चमचाच, तेही बेडगी किंवा काश्मिरी मिरचीचं; रंग येतो, आग नाही. गूळ नेहमी सुपारीएवढा घालत असाल तर अर्धा लहान चमचा घाला. चिंचेचा कोळ एक लहान चमचा पुरे. तेलात हात आखडू नका, तीन मोठे चमचे लागतातच. कोरड्या वांग्याचा स्वतःचा तुरटपणा वाइनच्या तुरटपणात मिसळला की जीभ चामड्यासारखी होते.

चिंचगुळाची आमटी ही खरी अडचण. पुण्याची आमटी गोडसर, आणि गूळ तर वाइनचा वैरी. शिवाय द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक आणि चिंचेतलंही तेच. आमटी वाइनपेक्षा आंबट झाली की वाइन पाण्यासारखी सपाट लागते. इथल्या उन्हात पिकलेल्या द्राक्षांत आंबटपणा मुळात कमी, त्यामुळे हे पटकन घडतं. एक वाटी तूरडाळीच्या आमटीत चिंचेऐवजी चार आमसुलं टाका, गूळ चिमटीभर, मीठ चवीपेक्षा किंचित पुढे, आणि वाढताना प्रत्येक वाटीत अर्धा चमचा तूप. बरोबर सांजोव्हेजे घ्या, कारण या जातीत आंबटपणा जात्याच जास्त असतो. टोमॅटोच्या सारालाही तीच लागू पडते, फक्त सारात साखर नको.

पिठलं-भाकरीला बेसनाची प्रथिनं असल्यानं मर्लो छान जुळते. चार हिरव्या मिरच्यांच्या जागी एक घाला आणि उरलेला झणका मिरपूड आणि लसणानं भरा. ठेचा ताटात असेल तर तो शेवटी, वाइन संपल्यावर. कच्च्या लसणाची चटणी जिभेवर तासभर राहते, तिलाही थांबवा. दाण्याची किंवा तिळाची चटणी मात्र घासाघासाला घ्या.

थालीपीठ हे भारी वाइनचं खाणं. भाजणीचा खरपूस वास, धने-जिऱ्याची ऊब आणि वर लोण्याचा गोळा. शिराझ-कॅबर्ने इथे पूर्ण खुलते. कॅबर्नेला कधी कधी ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो. तो दोष नाही, दोन्हींत एकच गंधद्रव्य असतं. म्हणून ढोबळी मिरचीची पीठ पेरून केलेली भाजी तिच्याशी उत्तम जमते.

मसालेभाताला काजू, तोंडली, ओलं खोबरं आणि वर तूप असतं. मध्यम अंगाची कुठलीही लाल वाइन चालते. कोथिंबीर-खोबरं भरपूर, लिंबू थोडं.

वरण-भात-तूप-लिंबाला लाल वाइन नकोच. तो इतका नाजूक घास आहे की वाइन त्याला गिळून टाकते. कारलं आणि नुसती परतलेली मेथी कडू, त्यात टॅनिन मिळून कडवटपणा दुप्पट होतो. मेथी करायचीच असेल तर डाळ किंवा दाण्याचं कूट घालून पातळ भाजी करा. मिसळ, कैरीचं लोणचं, अळूचं गोड-आंबट फदफदं, पुरणपोळी, श्रीखंड या सगळ्यांना बाजूला ठेवा. अळिंबीची भाजी केली आणि वाइन कडू लागली तर आधी मीठ वाढवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

जेवताना बिनसलं तर

पाच वाट्यांचा धडा इथे कामी येतो. वाइन कडू-आंबट लागतेय म्हणजे घासात गोड जास्त: मीठ आणि लिंबू घ्या. तोंड कोरडं पडतंय: तूप, लोणी, दाण्याची चटणी, किंवा दह्यातली काकडीची कोशिंबीर, तीही साखर न घालता. घसा जळतोय: वाइन थांबवा, भात-दही खा, पाच मिनिटांनी परत या, आणि बाटली दहा मिनिटं पुन्हा गार करा. वाइन सपाट लागतेय: ताट आंबट झालंय, कोशिंबिरीवर लिंबू पिळणं थांबवा.

दोष वाइनचाच असेल तर तो वासावरून कळतो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास म्हणजे बुचाचा दोष. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा झोत, अथवा कापून काळवंडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे वाइन उतरलेली. या बाटल्या सुधारत नाहीत, पावतीसह परत न्या. पण काडी ओढल्यावर येतो तसा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर घाबरू नका. वाइन जगमध्ये उंचावरून ओता, दहा मिनिटं ठेवा, बहुधा जातो. तळाशी गाळ दिसला तर तो निरुपद्रवी, शेवटचा घोट सोडून द्या.

वही आणि उरलेली बाटली

एका साध्या वहीत तारीख, वाइनचं नाव, तोडणीचं वर्ष, किंमत, किती वेळ गार केली, आणि कुठल्या पदार्थात गूळ-तिखट किती होतं ते लिहा. 'छान' किंवा 'बरी' लिहू नका. 'जांभूळ, मिरी, हिरड्या कोरड्या, तुपानंतर मऊ' असं लिहा. पाच-सहा जेवणांनंतर आपल्या घरच्या हाताला कुठली बाटली मानवते हे वहीच सांगेल, कारण सदाशिव पेठेतल्या आणि कोथरूडमधल्या दोन घरांच्या आमटीतही गुळाचा फरक असतो.

उरलेली वाइन अर्ध्या बाटलीत तशीच ठेवली तर वरची हवा तिला दोन दिवसांत उतरवते. २०० किंवा ३७५ मिलीची काचेची बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडी करून हाताशी ठेवा. जेवण संपायची वाट न बघता, बाटली उघडल्या उघडल्या ती काठोकाठ भरून झाकण लावा आणि फ्रिजमध्ये टाका. अशी वाइन चार-पाच दिवस टिकते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. त्यातूनही थोडी राहिली तर अळिंबीच्या रश्श्यात कांदा-मसाला परतल्यावर ६० मिली घाला आणि तीन-चार मिनिटं उघड्यावर उकळू द्या. झाकण ठेवलं तर अल्कोहोलचा उग्र वास रश्श्यात राहतो.